भरीत, बोट आणि आमचं भांडण

मैत्रिणींनो, हिवाळ्यात धरणावर भरीत-पुरीची सहल काढायची म्हटली की आमच्या जळगावच्या घरांत आठ दिवस आधीपासून धांदल असते. वांगी बामणोदचीच हवीत, यावर पुरुषमंडळींची बैठक बसते. कपाशीच्या काड्यांचा भारा कुणाच्या शेतातून येणार, मिरच्या किती, शेंगदाणे किती, पुऱ्या तिथे तळायच्या की घरून न्यायच्या, सगळे ठरते. चटईसुद्धा मोजून घेतात. आणि मग जेवणे झाली, हात धुतले, की त्याच धरणाच्या पाण्यात मुलाबाळांना बोटीत बसवताना मात्र कुणी एक प्रश्न विचारत नाही. मीही आजवर कधी विचारला नव्हता. गेल्या जानेवारीत विचारला आणि त्यावरून आमच्या घरात जे रामायण झाले, ते तुम्हाला सांगायला बसले आहे.

धरणाचे नाव सांगत नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत धरणांना तोटा नाही, आणि बोटवाला गरीब माणूस होता. धुळ्याहून आमच्या वन्सं, नंदोई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी आली होती. इकडून आम्ही चौघे, सासूबाई, शेजारचे एक जोडपे आणि त्यांचा मुलगा. असे अकराजण. भरीत उत्तम झाले होते. नंदोई म्हणाले, "चला, आता एक फेरी मारू." काठावर एक पत्र्याची बोट होती, वर ताडपत्रीचे छत, मागे इंजिन. वाऱ्यासाठी म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्रीचे पडदेही खाली सोडलेले होते.

मी विचारले, "लाईफ जॅकेट किती आहेत?"

बोटवाल्याने फळीखालून चार काढली. नारिंगी रंग उडून फिकट झालेली, ओलसर कुबट वास येणारी. दोघांचे बक्कल तुटलेले. एक मी आमच्या धाकट्याच्या अंगात घालून खांद्यांपाशी धरून वर उचलले, तर जॅकेट वर आले आणि पोरगा खालीच राहिला. त्याचे कान, नाक सगळे त्या जॅकेटात बुडाले. मी म्हटले, "मी मुलांना यात बसवणार नाही."

आता तुम्हीच विचार करा, अकरा माणसांत सून असे म्हणाली तर काय होते. नंदोई हसले. शेजारच्या बाई दुसरीकडे बघू लागल्या. "हे" एक पाय बोटीत आणि एक काठावर ठेवून उभे राहिले, आणि बायकोकडून बहिणीकडे पाहून अखेर दुसरा पायही बोटीत ठेवला. वन्सं मात्र सरळ बोलल्या, "वहिनी, आमच्या माणसांवर तुमचा भरवसा नाही असं म्हणा ना." मी काही उत्तर दिले नाही. दोन्ही मुलांचे हात धरून काठावर बसले. सासूबाई त्यांच्या गुडघ्यांचे निमित्त सांगून माझ्याजवळ बसल्या. त्या मूळच्या साक्रीकडच्या. बोट निघाल्यावर हळूच म्हणाल्या, "पानी कोनं सगं नई, पोरी." एवढेच. पण तेवढ्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले.

वीसेक मिनिटांनी बोट परत आली. बुडाली नाही, कलंडली नाही. पण आमची भाची नंदोईंच्या खांद्यावर मान टाकून होती. चेहरा पांढराफटक, डोके दुखतेय म्हणत होती, उतरल्या उतरल्या भडभडून ओकली. ती सगळ्यात मागे, इंजिनाजवळ बसली होती, पाणी कापताना दिसते म्हणून. सगळे म्हणाले, गाडी लागते तशी बोट लागली. लिंबू हुंगवले, मोकळ्यावर झोपवले, तासाभरात पोर उठून बसली. आणि परतताना गाडीत वन्सं मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "काठावर बसून कुणी वाईट चिंतलं की असंच होतं."

मैत्रिणींनो, ते वाक्य मी चार महिने उरावर घेऊन फिरले. संक्रांतीला फोन नाही, तिळगूळ नाही. धुळे काही लांब नाही, दीड-दोन तासांची वाट. पण ती वाट बंद झाली होती.

आता मी बोटींच्या मागे का लागले ते सांगते. प्रथम रागानेच लागले. मी भित्री आहे की नाही, एवढेच मला सिद्ध करायचे होते. सकाळी डबे झाले की अर्धा तास मोबाईलवर वाचत बसायची. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारले, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलगी कुठे बसली होती?" मी सांगितले. म्हणाल्या, "छत, पडदे आणि मागे पेट्रोलचं इंजिन? बोट लागली असेलही. पण धूरसुद्धा लागलेला असू शकतो. आता खात्रीने सांगता येणार नाही, रक्त त्याच वेळी तपासायला हवं होतं."

धूर म्हणजे नुसता डोळ्यांना झोंबणारा नव्हे. त्यातला कार्बन मोनॉक्साईड. हा वायू तुम्हाआम्हाला अनोळखी नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून आंघोळीला गेलेली मुलगी बाहेरच आली नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही, तेही याच्यामुळेच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जी जागा असते ती हा प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने बळकावतो. सुरुवात कशी होते? डोके दुखते, मळमळते, गरगरते. हुबेहूब गाडी लागल्यासारखे! म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

पण बोट तर उघड्यावर असते ना, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले होते. गंमत अशी, की वारा मागून असला आणि बोट सावकाश चालली असली तर धूर बोटीबरोबरच चालतो. आणि पुढून वारा कापत गेली तरी छत-पडद्यांच्या मागच्या बाजूला पोकळी होऊन धूर आत खेचला जातो. गाडीची डिकी उघडी ठेवून चालवली की धूर आत येतो, तसेच. अमेरिकेत लेक पॉवेल नावाच्या मोठ्या धरणाच्या जलाशयावर 2000 साली दोन भाऊ, लहान मुलगे, राहण्याच्या बोटीमागे पोहताना असे गेले. तोवर बुडून मेले असे समजल्या गेलेल्या कितीतरी जुन्या प्रकरणांची सरकारने मग पुन्हा तपासणी केली, तेव्हा हाच वायू निघाला.

तेव्हा इंजिन कसले आहे हे विचारायला आपण शिकले पाहिजे. घाबरू नका, तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे. पूर्वी आपल्याकडे स्कूटर आणि लुना पेट्रोलपंपावर जायच्या तेव्हा पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यायचे, आठवते? निळसर धूर सोडत जायच्या. ते टू-स्ट्रोक इंजिन. त्यात पेट्रोलचा मोठा भाग, अगदी पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर पडतो. स्कूटर असेल तर हवेत, बोट असेल तर थेट पाण्यात, कारण बोटीच्या इंजिनाचे धुराडे बहुधा पाण्याखालीच असते. म्हणजे चार लिटर पेट्रोल घातले तर एक लिटर तलावात ओतल्यासारखे! तेलाचा थेंब पितळी परातीतल्या पाण्यावर टाकला तर कसा पसरतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

रस्त्यावरच्या गाड्यांवर आपल्याकडे कडक नियम आले. 1 एप्रिल 2020 पासून तर नव्या गाड्या भारत स्टेज सहाच्याच. पण पाण्यावर? अमेरिकेने बोटीच्या बाहेर लावायच्या इंजिनांसाठी आणि वॉटर स्कूटरसाठी धुराचे नियम 1996 मध्ये केले, आणि टाहो नावाच्या त्यांच्या निर्मळ सरोवरावर 1999 पासून जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदीच घातली. फोर-स्ट्रोक इंजिने, विजेवरच्या मोटारी, हे पर्याय तेव्हापासून वाढले. आपल्या शेजारचे उदाहरण द्यायचे तर भोपाळचे. भुसावळहून गाडीत बसले की पोचतो आपण. तिथला मोठा तलाव गावातल्या बऱ्याच लोकांना पाणी पाजतो. 2023 च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला. वल्ह्याच्या आणि पायाने मारायच्या बोटींचे इंजिनच नसते, त्यांचे काय भय?

हे वाचताना माझ्या मनात आमचीच धरणे येत होती. जळगावला पाणी वाघूरचे. धुळ्याला नकाणे तलावाचेही. पाहुण्यांनी सहलीला गंमत म्हणून उडवलेला धूर नळातून आपल्याच माठात यायचा, असे म्हटले तर ते फार ताणलेले नाही. उगीच बाऊ करू नये हेही खरे. एका बोटीने तलाव नासत नाही. पण सुट्टीच्या दिवशी दहा बोटी दिवसभर फिरल्या तर?

असो. धुराचे खूप झाले. माणसे बोटीत मरतात ती बहुतेक बुडून, हे विसरायला नको. आणि कारणे तीच ती. 15 जानेवारी 2019 ला, संक्रांतीच्या दिवशी, आपल्या खान्देशातच धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात भुशा पॉइंटजवळ नाव उलटली. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते, म्हणजे ती आपलीच माणसे. नर्मदेची पूजा करायला निघालेली. नावेत फार जास्त माणसे चढली होती. मेलेल्यांत लहान मुले होती. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावावर शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथेही माणसे जास्त आणि लाईफ जॅकेटे कमी. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. पंधराजण दगावले. 'नीलकमल'ला परवाना 84 प्रवाशांचा होता आणि आत होती शंभरावर माणसे. त्यानंतर त्या बोटींतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट सक्तीचे झाले. सक्ती व्हायला पंधरा माणसे लागली.

नियम नाहीत असे मात्र नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला, तो 2022 च्या जूनपासून लागू झाला. नदी, तलाव, धरण यांवरच्या इंजिनाच्या बोटींची नोंदणी हवी, तपासणी होऊन दाखला हवा, विमा हवा, चालवणाऱ्याची पात्रता हवी. पाण्याचे प्रदूषण रोखण्याचे प्रकरणही त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये बोटींच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आपण बायकांनी कायद्याची कलमे पाठ करावीत असे मी म्हणत नाही. पण दूधवाल्याचे माप, रेशनचा काटा, सोन्यावरचा हॉलमार्क हे आपण बघतोच ना? तसे बोटीच्या अंगावर नोंदणीचा क्रमांक आणि किती माणसे बसवायची तो आकडा रंगवलेला आहे का, एवढे बघायचे. आकडा नसेल तर विचारायचे. विचारले तर बोटवाला रागावतो, हे खरे. रागावू द्या.

लाईफ जॅकेटबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी म्हणे त्यात सावरीसारख्या झाडाचा कापूस भरत, आपल्या उशीत असतो तसा. आता फोम असतो. माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच; तोंड वर ठेवायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. पण तो आधार अंगाला घट्ट बांधलेला हवा. मांडीखाली घेऊन बसलेले जॅकेट किंवा फळीखाली ठेवलेले जॅकेट बोट उलटल्यावर सापडत नाही. मुलांचे जॅकेट वेगळे, वजनाप्रमाणे. आत पट्टीवर किलो लिहिलेले असतात. दोन्ही खांद्यांना धरून उचलून पाहायचे. कानापर्यंत वर आले तर ते तुमच्या मुलाचे नव्हे. लहान मुलांच्या जॅकेटाला दोन पायांमधून बांधायचा पट्टा असतो, तो लोंबकळू द्यायचा नाही. फोम दाबून पाहा. कडक झाला असेल, आत पाणी शिरल्याचा फसफस आवाज येत असेल, तर ते अंगात घातले काय आणि गोधडी पांघरली काय, सारखेच.

आणि आपली साडी! हे कुठल्याच नियमावलीत मला सापडले नाही, म्हणून आपणच एकमेकींना सांगायला हवे. साडी पाण्यात पायांभोवती गुंडाळते आणि पाय मारता येत नाहीत. बोटीत जायचे असेल तर सलवार-कमीज किंवा मुलीची पँट घालावी, त्यात लाजायचे काय? साडीच असेल तर पदर कमरेला घट्ट खोचून जॅकेट त्यावरून घालावे. जॅकेटवरून पदर घेऊ नये. ओढणी काढून पिशवीत ठेवावी, इंजिनाच्या फिरत्या दांड्यात अडकायला क्षण लागत नाही. चपला काढाव्यात. आणि मुलगी कितीही हट्ट करो, इंजिनाजवळ बसवू नये. कुणाचे डोके दुखू लागले, मळमळले, तर लिंबाआधी पडदे वर करावेत आणि बोट काठाला घ्यायला सांगावी.

जाता जाता वॉटर स्कूटरचे. आता मे महिन्यात जळगाव-धुळ्याची निम्मी पोरे तारकर्ली नाहीतर अलिबागला असतात, नाहीतर जवळच खंडव्याकडे हनुवंतियाला. तिथे दहा मिनिटांचे पैसे मोजून ही पाण्यावरची स्कूटर मिळते. दिसते स्कूटरसारखी, पण तिला स्कूटरसारखा ब्रेक नसतो. ती खालून पाणी ओढते आणि मागे जोरात फेकते, त्या धारेनेच पुढे जाते आणि त्या धारेनेच वळते. समोर काही आले की आपला हात आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो. धार थांबली की हँडल फिरवून काही होत नाही, ती सरळच जाते! नव्या काही यंत्रांत यावर उपाय केलेले आहेत, पण भाड्याच्या यंत्रात ते असतीलच असे धरून चालू नये. तिच्या किल्लीला एक वेटोळ्याची दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असली तर माणूस पडताच इंजिन बंद पडते. बहुतेक ठिकाणी मी ती दोरी हँडलला गुंडाळलेली पाहिली आहे. आणखी एक, जरा अवघड गोष्ट, पण मुली मोठ्या होत आहेत म्हणून सांगते. मागे बसलेली मुलगी मागच्या बाजूला पडली तर त्या धारेचे पाणी शरीरात जोराने शिरून आतल्या नाजूक अवयवांना गंभीर इजा होते. परदेशात यंत्रावरच तसा इशारा लिहिलेला असतो आणि जाड रबरी पँट घालायला सांगतात. पातळ पोहण्याचा पोशाख किंवा लेगिंग्ज त्याला पुरत नाही.

हे सगळे मी वहीत उतरवून ठेवले. पण वन्संना कसे सांगायचे? "तुमच्या मुलीला धूर लागला असेल" असे म्हणणे म्हणजे पुन्हा "माझंच खरं होतं" असेच ऐकू गेले असते. आणि खरे सांगायचे तर मला तसेच म्हणायचेही होते. हे म्हणाले, "सोड ना आता." हे सोडायला मोकळे होते, कारण त्यांच्याशी बोलणे कुणी बंद केले नव्हते!

एप्रिलमध्ये मी मुलांसाठी दोन लाईफ जॅकेटे मागवली, वजन बघून, शिट्टी आणि पायातला पट्टा असलेली. आली त्या दिवशी तिसरे एक मागवले. सव्वीस किलो. भाचीचे वजन मला ठाऊक होते, कारण सहलीला निघताना मुलांनी वजनकाट्यावर दंगा घातला होता.

अखजीला वन्सं माहेरी आल्या. अखजीला लेक माहेरी येणार नाही असे खान्देशात होत नाही, भांडण असो की काही. पहिला दिवस आम्ही सासूबाईंमार्फत बोललो. "आईला विचार, रस काढायचा का." "वन्संना सांगा, आंबे भिजत घातलेत." दुसऱ्या दिवशी दुपारी पुरण वाटताना त्या एकट्याच स्वयंपाकघरात आल्या. थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, परवा तिला रिक्षाच्या मागे धुरात उभी होती तर पुन्हा तसंच डोकं दुखलं. ती स्वतःच म्हणाली, आई, बोटीत असाच वास होता."

मी हात धुतले आणि वही आणून दिली. काही बोलले नाही. त्यांनी ओट्याला टेकून ती उभ्यानेच वाचली, मधेच एकदा "अगं बाई" म्हणाल्या, मग पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. "हे त्यांना वाचायला देते," म्हणाल्या. वाईट चिंतल्याच्या त्या वाक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विषय काढला नाही. पुरण मात्र त्यांनी माझ्या हातातून घेतले आणि राहिलेले सगळे वाटून दिले.

संध्याकाळी मागच्या अंगणात कडुलिंबाला झोका बांधला होता. बघते तर भाचीने माळ्यावरून नारिंगी जॅकेट शोधून काढलेले, पायातला पट्टा लावलेला, सगळी बक्कले कटाकट बसवलेली, आणि त्या एप्रिलच्या उकाड्यात घामाघूम होऊन ती झोक्यावर उभी राहून शिट्टी फुंकत होती. वन्संनी दारातून ओरडून विचारले, "वहिनी, हिला सैल नाही ना होत?"